पंचवीस गुंठे आणि एक कुटुंब : जावातील एका शेतकरी गावाची गोष्ट



२०२५ च्या मे महिन्यात आम्ही उभयता इंडोनेशियातील जावा बेटावर जाऊन आलो. परत आल्यावर सर्वांना बोरोबुदुरच्या स्तूपाचे आणि प्राम्बानानच्या शिवमंदिराचे फोटो दाखवले. पण आमच्या मनात राहिलं ते दुसरंच. बोरोबुदुरजवळच्या एका लहान शेतकरी गावात आम्ही तीन रात्री एका शेतकऱ्याच्या घरी राहिलो होतो. कोजागिरीच्या कार्यक्रमात त्या गावाबद्दल बोलणं निघालं तेव्हा कार्यवाह म्हणाले, "हे लिहूनच द्या." म्हणून हा लेख. आमच्यापैकी एकाची बत्तीस वर्षं बँकेत गेली, त्यातली बरीचशी शेतीकर्जाच्या टेबलावर. त्यामुळे लेखात हिशेब जास्त आणि निसर्गवर्णन कमी आढळलं, तर सांभाळून घ्यावं.

आमचे यजमान साठीच्या आतबाहेरचे. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक' आणि बाईंना 'बू' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे काका-काकू. आम्हीही त्यांना तसंच म्हणत होतो. त्यांचा धाकटा मुलगा थोडं इंग्रजी बोलायचा, तोच आमचा दुभाषी.

जमीन तेवढीच, माणसं तेहेतीस पट

जावाचं क्षेत्रफळ सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली १५ कोटी १६ लाख. महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, हे लक्षात घेतलं की दाटीची कल्पना येते. बेट इंग्रजांच्या ताब्यात असताना, १८१५ मध्ये रॅफल्स साहेबांनी मोजणी केली होती. तेव्हा आकडा आला होता ४६ लाख. दोनशे वर्षांत माणसं तेहेतीस पट झाली, जमीन मात्र होती तेवढीच राहिली.

एवढ्या लोकांना ही जमीन पोसू शकली याचं कारण जमिनीतच आहे. बेटाच्या कण्यावर ज्वालामुखींची रांग आहे. त्यांची राख शेकडो वर्षं शेतात पसरत आली, आणि त्यांच्या उतारावरून बारमाही ओढे खाली येतात. पाण्याची सोय असेल तिथे वर्षात भाताची दोन पिकं आणि जमलं तर तिसरं मका, भुईमूग किंवा सोयाबीनचं. आम्ही गेलो तेव्हा काही खाचरांत चिखलणी चालू होती, काहींत लावणी संपली होती. पाटाचं पाणी कोणाला कधी सोडायचं हे पाहणारा माणूस गावात असतो. त्याला 'उलु-उलु' म्हणतात. आपला पाटकरी.

गावाला 'देसा' म्हणतात. हा आपला 'देश'. लाभाला 'लाबा', भाताच्या देवीला 'देवी स्री', म्हणजे आपली श्री. माडाच्या रसाला तर थेट 'नीरा'च. काकूंनी नीरेपासून केलेला गूळ चहाबरोबर पुढे ठेवला, तेव्हा दुभाष्याची गरजच पडली नाही. गाव मुसलमान आहे, मशिदीत पाचही वेळा नमाज होते. तरी देवी स्रीचं नाव गावातून गेलेलं नाही, आणि कापणीनंतरच्या गावजत्रेत रात्रभर चालणाऱ्या बाहुल्यांच्या खेळात महाभारतातले पांडव येतात.

पंचवीस गुंठ्यांचा हिशेब

पाकांची स्वतःची जमीन पाव हेक्टर, म्हणजे आपले पंचवीस गुंठे. हे अपवादात्मक नाही. २०२३ च्या शेतीगणनेनुसार इंडोनेशियात अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन कसणारी कुटुंबं सुमारे १ कोटी ६९ लाख आहेत. दहा वर्षांपूर्वी ती १ कोटी ४२ लाख होती. त्यातली बहुतेक जावातली.

रात्री जेवणानंतर आम्ही पाकांबरोबर वही घेऊन बसलो. जुनी सवय. सरकारने २०२५ मध्ये ओल्या भाताला किलोला ६,५०० रुपिया हमीभाव ठरवला होता. आपल्या एका रुपयाला तेव्हा साधारण १९० रुपिया मिळत होते, म्हणजे किलोला सुमारे ३४ रुपये. पंचवीस गुंठ्यांत एका हंगामाला दीड टन ओलं भात धरलं, तर सुमारे ९७ लाख रुपिया येतात. दोन हंगामांचे १ कोटी ९५ लाख. ऐकायला मोठं वाटतं. त्यातून ट्रॅक्टरचं भाडं, बी, खत, लावणीच्या बायकांची मजुरी आणि कापणीचा वाटा वजा केला की निम्मं उरतं. म्हणजे वर्षाचे आपले पन्नास-एक्कावन्न हजार रुपये, महिन्याला सव्वाचार हजार. तेही पाऊस वेळेवर आला आणि तुडतुडे पडले नाहीत तर.

त्याच जिल्ह्यात २०२५ मध्ये कारखान्यातल्या कामगाराचा किमान पगार महिन्याला २४ लाख रुपियांच्या पुढे होता, म्हणजे साडेबारा हजार रुपये. एका पगारात पंचवीस गुंठ्यांचं तिप्पट उत्पन्न. दुसऱ्याची जमीन कसायला घेतली तर अजून कठीण. निम्मी वाटणी असेल तर तिला 'मारो' म्हणतात, आपल्याकडे अर्धेली.

हिशेब मांडून झाल्यावर पाक हसले आणि मुलाकरवी म्हणाले, "हे मला माहीत आहे, फक्त कधी लिहून काढलं नव्हतं."

मग घर चालतं कशावर? अनेक लहान लहान मिळकतींवर. घरामागे परसबाग आहे. नारळ, केळी, पपई, फणस, कसावा, कोंबड्या आणि एक छोटं मासळीचं तळं. काकू गूळ करून बाजारात देतात. आमच्यासारखे पाहुणे महिन्यातून चार-सहा रात्री येतात. पाक बांधकामावर जातात. जावातलं शेतकरी कुटुंब फक्त शेतीवर जगतं असं समजणं चूक आहे. शेती घरच्या भातापुरती आहे. रोकड बाहेरून येते.

वाटून खाण्याची रीत

एवढ्या थोड्या जमिनीवर एवढी माणसं कशी राहिली, या प्रश्नावर क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकी अभ्यासकाने १९६३ मध्ये पुस्तक लिहिलं. पूर्व जावातल्या एका गावात तो १९५० च्या दशकात राहिला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जावाच्या शेतकऱ्यांनी काम बारीक बारीक वाटून घेतलं आणि त्याबरोबर गरिबीही वाटून घेतली. पुढच्या अभ्यासकांनी यावर टीका केली. गावात जमीनदार आणि भूमिहीन हा भेद आधीपासून होताच, सगळेच सारखे गरीब नव्हते, असं त्यांनी दाखवलं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे असं आम्हाला वाटतं.

वाटून खाण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे कापणी. पूर्वी बायका 'आनी-आनी' नावाच्या तळहातात मावणाऱ्या लहानशा पात्याने एकेक लोंबी कापत. कापणीला कोणीही यावं, आणि कापलेल्यातला ठरलेला वाटा घेऊन जावं. याला 'बावोन' म्हणत. आपल्या बलुत्यासारखंच. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्याही घरी हंगामाला भात येई.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस बुटक्या, जास्त उत्पन्न देणाऱ्या जाती आल्या, खत आलं, सरकारी कर्ज आलं. १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला. ही मोठी कामगिरी होती. पण त्याच काळात पात्याच्या जागी विळा आला. शेतकरी उभं पीक व्यापाऱ्याला विकू लागला, आणि व्यापारी स्वतःची टोळी आणू लागला. उखळाच्या जागी गिरणी आली आणि भात कांडून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांचं काम गेलं. कीडनाशकांचा इतका मारा झाला की तुडतुडे मारणारे कोळी आणि किडेच मेले आणि तुडतुडे उरले. शेवटी १९८६ मध्ये सरकारने भातावर ५७ कीडनाशकं वापरायला बंदी केली, आणि १९८९ पासून शेताच्या बांधावरच शेतकऱ्यांच्या शाळा भरवून मित्रकिडे ओळखायला शिकवलं.

उत्पादन वाढलं, पण वाटा घेणारे कमी झाले. काकूंच्या आईने आनी-आनीने कापणी केली होती. ते पातं अजून घरात आहे, फळीवर ठेवलेलं. काकूंनी स्वतः ते कधी वापरलेलं नाही.

भिशी आणि बँक

आता आमच्या आवडीचा विषय. तिकडे दहा घरांचा एक गट असतो, 'दासाविस्मा'. आपल्या 'दश' आणि 'वेश्म' यांवरून. या गटातल्या बायका महिन्याला जमतात, प्रत्येकी ठरलेली रक्कम काढतात आणि चिठ्ठी टाकतात. ज्या बाईचं नाव निघेल तिला सगळी रक्कम. याचं नाव 'आरिसान'. आम्ही लगेच म्हणालो, "ही तर भिशी!" काकूंच्या घरचं शिवणयंत्र आरिसानच्या पैशातून आलेलं आहे.

बँकेची कथा तर आपल्या बडोद्याच्या जवळची. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये बडोद्यात 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन केली, हे आपल्या सभासदांना माहीत आहेच. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८९५ मध्ये, मध्य जावातल्या पुर्वोकर्तो गावात विर्याआत्माजा नावाच्या एका स्थानिक अधिकाऱ्याने सावकाराच्या कचाट्यातून लोकांना सोडवण्यासाठी एक छोटी पतसंस्था सुरू केली. तिचंच पुढे 'बँक राक्यात इंडोनेशिया' झालं. 'राक्यात' म्हणजे रयत. रयतेची बँक!

या बँकेने खेड्यांत हजारो छोटी केंद्रं उघडली. १९७० च्या दशकात तिच्यामार्फत सरकारी स्वस्त भातकर्ज वाटलं गेलं आणि थकबाकी वाढत गेली. १९८४ मध्ये बँकेने धोरण बदललं. व्याज खर्च भागेल एवढं, कर्ज फक्त भातासाठी नव्हे तर दुकान, कोंबड्या, शिवणकाम कशालाही, आणि वेळेवर हप्ते भरणाऱ्याला व्याजातला काही भाग परत. १९८६ मध्ये कधीही पैसे काढता येतील असं बचत खातं आणलं, त्यावर सोडतीची बक्षिसं. १९९७-९८ च्या आर्थिक संकटात मोठमोठ्या बँका कोसळल्या, पण या खेड्यातल्या केंद्रांची वसुली टिकली आणि ठेवी वाढल्या. आमच्यासारख्या बँकवाल्याला यातून एकच सांगावंसं वाटतं : गरिबाला व्याजाच्या सवलतीपेक्षा घराजवळ, वेळेवर मिळणारं कर्ज आणि पैसे ठेवायला सुरक्षित जागा जास्त उपयोगी पडते.

गावाबाहेरची वाट

जमीन पुरेना तेव्हा गाव सोडणं ही इथे नवी गोष्ट नाही. १९०५ मध्ये डच सरकारने याच केडू प्रांतातली १५५ कुटुंबं समुद्रापलीकडे सुमात्रातल्या लाम्पुंगला नेऊन वसवली. त्यांनी नव्या वस्तीला आपल्याच जुन्या मुलखाचं नाव दिलं : बागेलेन. पिढ्यान्‌पिढ्या दूरच्या मुलखात राहून गावचं नाव सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १८९० पासून तर जावातले मजूर थेट दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामपर्यंत करारावर गेले.

आताची वाट शहराकडे आणि परदेशाकडे जाते. पाकांचा थोरला मुलगा जाकार्ताजवळ तांगेरांगच्या कारखान्यात आहे. मुलगी तैवानमध्ये एका वृद्ध बाईंची देखभाल करते. मलेशिया, हाँगकाँग, तैवान इथे अशा कामाला जाणाऱ्यांत जावाच्या खेड्यांतल्या बायका फार मोठ्या संख्येने आहेत. गावात फिरताना कोणत्या घरातलं माणूस बाहेर आहे हे विचारावं लागत नाही. ज्या घराला नवी फरशी आणि रंग, तिथलं कोणीतरी बाहेर. पाकांच्या घराची फरशी मुलीच्या पैशातली. तिचा पाच वर्षांचा मुलगा आजी-आजोबांजवळ वाढतो आहे. रात्री तो फोनवर आईशी बोलायचा आणि मग फोन उशीखाली ठेवून झोपायचा.

ईदला सगळे घरी येतात. त्या घरवापसीला 'मुदिक' म्हणतात, आणि त्या आठवड्यात जाकार्ता रिकामं होतं. आठ-दहा दिवस गाव भरलेलं, मग पुन्हा म्हातारे आणि मुलं.

पुढे काय?

२०२३ च्या शेतीगणनेत २७ ते ४२ वयाचे शेतकरी साधारण चौथा हिस्सा निघाले. त्याहून तरुण जेमतेम दोन टक्के. म्हणजे पुढच्या वीस वर्षांत ही खाचरं कोण लावणार, हा प्रश्न खराच आहे.

निराश होण्यासारखंच सगळं आहे असं मात्र नाही. २०१४ च्या ग्राम कायद्यानंतर २०१५ पासून केंद्र सरकार थेट गावांच्या खात्यात पैसे देतं. योजनेचं नाव 'दाना देसा', आपलं 'दान' आणि 'देश'. देशात सुमारे ७५ हजार गावं आहेत. २०१९ पर्यंत सरासरी प्रत्येक गावाला वर्षाला आपल्या पन्नास लाख रुपयांच्या आसपास रक्कम मिळू लागली. रस्ते, गटारं, पाट, बालवाडी यांत फरक दिसतो. काही गावांनी स्वतःचे उद्योग काढले. क्लातेन जिल्ह्यातल्या पोंगगोक गावाने आपल्या झऱ्याच्या तळ्याला पोहण्याचं आणि पाण्याखाली फोटो काढण्याचं ठिकाण केलं. त्यांच्या ग्रामसंस्थेचं नाव 'तिर्ता मांदिरी'. तिर्ता म्हणजे तीर्थ. त्या उत्पन्नाचा फायदा गावाला मिळतो. पण प्रत्येक गावात असा झरा नसतो, आणि आलेल्या पैशाचा हिशेब ठेवणारा प्रामाणिक सरपंच तर त्याहून दुर्मीळ, असं पाक म्हणाले. यावर आम्ही दोघंही हसलो.

भातजमीन वाचवण्यासाठी २००९ चा कायदा आहे. तरीही रस्त्याकडेच्या खाचरांत घरं आणि पाहुणेघरं उभी राहताना आम्ही पाहिली. आणि हाच पाकांच्या घरातला सध्याचा पेच आहे. योग्याकार्ताचे एक गृहस्थ त्यांची रस्त्यालगतची दहा गुंठे जमीन मागत आहेत. किंमत एवढी, की तेवढं भात पिकवायला त्यांना पुढची तीस वर्षंही पुरणार नाहीत. थोरला म्हणतो विका आणि धाकट्याला जपानी भाषेच्या शिक्षणाला घाला, तिकडे कामगार हवे आहेत. मुलगी म्हणते विकू नका, मी परत आले तर कुठे येऊ? वाटणीचाही प्रश्न आहे. जुन्या रीतीने मुलाला कावडभर आणि मुलीला पाठीवरच्या टोपलीभर, म्हणजे दोनास एक. आता पुष्कळ घरांत सारखी वाटणी होते. पंचवीस गुंठ्यांचे तीन भाग केले तर प्रत्येकाला आठ गुंठे. त्याचा हिशेब करायला वहीही लागत नाही.

धाकट्याला आम्ही विचारलं, तुला काय हवंय? तो म्हणाला, जमीन ठेवायची, पण भात नको. मिरची आणि पाहुणे. दोन खोल्या अजून बांधायच्या, त्यासाठी रयतेच्या बँकेत चौकशी केली आहे. सहा टक्क्यांची सरकारी योजना आहे आणि लहान रकमेला तारण लागत नाही. आम्ही त्याची आकडेमोड तपासून दिली. पाहुण्यांचे दिवस त्याने जास्त धरले होते, ते कमी करायला सांगितले. कमी करूनही हप्ता बसत होता, पण जेमतेम.

आमचं मत विचाराल तर ही गावं ओस पडणार नाहीत. शेती मात्र मुख्य धंदा राहणार नाही, घरच्या भाताची आणि म्हातारपणाची सोय म्हणून राहील. जमीन टिकेल ती ज्या घरात शेतीबरोबर दुसरी एखादी नियमित मिळकत गावातच उभी राहील, त्या घरात. ती उभी राहण्यासाठी शेजारचं कर्ज, रस्ता आणि शाळा लागते. जिथे हे नसेल तिथे रस्त्यालगतची दहा गुंठे आधी जातील, मग मागची पंधरा.

निघायच्या सकाळी पाकांनी विचारलं, "तुमची शेती कोण करतं?" आम्ही सांगितलं, वाईकडे आमच्या मूळ गावी सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यात आमचंही एक. कसतो तो चुलतभाऊ. आम्ही वर्षाला एकदा तांदळाचं पोतं आणतो. "आणि त्याच्यानंतर?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. बडोद्याला आल्यावर आम्ही चुलतभावाला फोन केला आणि पहिल्यांदाच विचारलं, की त्याचा मुलगा काय करायचं म्हणतो. तो म्हणाला, "दादा, हे विचारायला तुम्हाला जावाला जावं लागलं का?"

आपल्यापैकी अनेकांची नावं अशाच सातबाऱ्यांवर असतील. दिवाळीला गावी जाल तेव्हा पोतं उचलण्याआधी हा प्रश्न कसणाऱ्याला जरूर विचारा. आकड्यांत काही राहून गेलं असेल तर चूकभूल द्यावी घ्यावी.